वाऱ्यात होडी आवरायची कशाने? नांगर, सॉक की जीपीएसवाली मोटर

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला देवगडच्या खाडीबाहेर पडलं की पाणी सपाट दिसतं. मतलई वारा किनाऱ्याकडून येत असतो, पण डोंगराच्या आडोशाला तो फारसा जाणवत नाही. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेवर, पोचायचं, इंजिन बंद करायचं, गरी सोडायची. शिसं तळाला टेकेपर्यंत होडी खडपाच्या पलीकडे गेलेली असते आणि दोरी तिरपी होऊन वाळूवरून ओढली जाते. पुन्हा इंजिन चालू, पुन्हा वर, पुन्हा तेच. असं दहा वेळा झालं की पेट्रोल जळतं, मासा बिथरतो, आणि गरी खरोखर माशासमोर किती वेळ होती ते मोजलं तर अर्धा तासही भरत नाही.

माझी १६ फुटी फायबरची होडी आहे, मागे १५ हॉर्सपॉवरचं इंजिन. गेल्या काही वर्षांत मी नांगर, घरी शिवलेला सॉक (पाण्यात ओढायची कापडी पिशवी), भोकं पाडलेल्या बादल्या, साखळी, उलटा गिअर हे सगळं करून पाहिलं. ओळखीच्या एकाच्या बोटीवर जीपीएसवाली, होडीला एका जागी धरून ठेवणारी मोटरही दोन दिवस हाताळली. अशाच मापाची होडी असणाऱ्यांना यातलं एक काहीतरी आता घ्यायचं असेल, तर हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती उशिरा कळली आणि तोवर पैसे गेले होते. ही साधनं एकाच कामाची वाटतात, पण प्रत्येक साधन वेगळ्या गोष्टीला धरतं. नांगर जमिनीला धरतो. सॉक पाण्याला धरतो. मोटर कशालाच धरत नाही, ती वाऱ्याविरुद्ध ढकलत राहते. तेव्हा तुमच्या जागी, तुमच्या माशासाठी, होडी कशाला धरून राहायला हवी, हे ठरलं की खरेदी सोपी होते.

आधी पाच मिनिटं इंजिन बंद

काहीही विकत घेण्याआधी एक मोजमाप करा. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, नेहमीएवढी माणसं घेऊन जा. इंजिन बंद करा, मोबाईलवर जीपीएसचा वेग दाखवणारं कुठलंही ॲप उघडा आणि पाच मिनिटं शांत बसा. वेग लिहून ठेवा. दिशाही लिहा. होडी वारा जातोय तिकडेच जात असेल तर दोष वाऱ्याचा. वाऱ्यापासून बरीच बाजूला सरकत असेल तर पाण्याला ओढ आहे. हा फरक पुढे फार कामाला येतो.

माझा ढोबळ हिशेब सांगतो. इंजिन बंद केलं की होडी आपोआप वाऱ्याला आडवी होते. मागे इंजिनाचा पाय पाण्यात रुतलेला असतो, पुढची नाळ हलकी आणि उंच असते, त्यामुळे वारा नाळेला ढकलून देतो. आडव्या होडीची बाजू आणि वर बसलेली माणसं धरून वाऱ्यासमोर साधारण चार चौरस मीटर जागा येते. १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटर वाऱ्यात त्या जागेवर १४-१५ किलोचा रेटा बसतो. तीच होडी नाळ वाऱ्यावर करून उभी केली तर समोर जेमतेम दीड चौरस मीटर उरतं आणि रेटा पाच-सहा किलोवर येतो. नुसती दिशा बदलली तर निम्म्याहून जास्त भार गेला. म्हणून पुढे ज्या ज्या साधनाबद्दल बोलणार आहे, त्याचं पहिलं काम होडीची नाळ वाऱ्यावर धरणं हे आहे. अडवणं त्याच्यानंतर.

दुसरं असं की वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सकाळी दहा नॉटला जे साधन पुरलं ते दुपारी वीस नॉटला पुरेल असं धरू नका.

माझी होडी १५ नॉटला आडवी वाहिली तर ताशी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. ४० मीटर लांबीचा खडप सव्वा मिनिटात संपतो.

सॉक: पाण्याला धरणारी पिशवी

सॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी, शंकूसारखी कापडी पिशवी. मोठं तोंड होडीकडे, लहान तोंड मागे. दोरीने नाळेला बांधून पाण्यात सोडली की पाण्याने फुगते आणि होडी तिला ओढत नेते. हवेपेक्षा पाणी साडेआठशे पट जड, म्हणून एवढीशी पिशवीसुद्धा जोर धरते. १४ ते १६ फुटी होडीला ३० ते ३६ इंच तोंड, १८ ते २० फुटीला ४२ ते ४८ इंच, असं सर्वसाधारण माप आहे.

मी माझा ताडपत्रीचा शिवला. ३६ इंच तोंडाचा घेर साडेनऊ फूट होतो, त्या मापाने कापड कापलं. शेपटीकडे चार-पाच इंचांचं भोक ठेवलं. तोंडाच्या काठात दोरी घालून शिवून घेतली आणि चार पट्टे काढून एका फिरकीला जोडले. फिरकी विसरलात तर पिशवी गोल फिरत राहते आणि तासाभरात दोरीची वेणी होते. काठाच्या एका बाजूला जाळ्याचे दोन बोये, समोरच्या बाजूला थोडं शिसं, म्हणजे तोंड आपोआप उभं राहतं. आणि शेपटीला एक वेगळी बारीक दोरी. काढताना मुख्य दोरी ओढायची नाही. पाण्याने भरलेली पिशवी माणसाला ओढवत नाही, मी प्रयत्न करून पाठ धरून बसलो आहे. शेपटीची दोरी ओढली की पिशवी उलटी होते, पाणी निघून जातं आणि ती ओल्या टॉवेलसारखी हातात येते. ताडपत्री, पट्टे, फिरकी, दोरी मिळून हजाराच्या आत काम झालं.

आता ती करते किती? नाळेला बांधली तर माझ्या होडीचा वेग ताशी दोनवरून साधारण एक-सव्वावर येतो. सव्वा मिनिटाचा खडप दोन मिनिटांचा होतो. निम्म्याच्या आसपास, त्याहून जास्त नाही. मोठा सॉक घेतला तर होडी थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो-घटतो. होडीचा वेग आणखी निम्मा करायचा असेल तर पिशवीचं तोंड क्षेत्रफळाने चौपट हवं. ती पिशवी मग काढायची कोणी?

म्हणून खडपातल्या तांबोशी किंवा गोबऱ्यासाठी जाणाऱ्याने सॉकवर भिस्त ठेवू नये. हे मासे आपल्या कपारीच्या आसपास राहतात. त्यांच्यासाठी होडी एका जागी हवी. उलट वाळूच्या किंवा मऊ तळावर मासा विखुरलेला असतो, तिथे एका जागी बसून उपयोग नसतो. तिथे सॉक लावून संथपणे सरकत गेलं की दोरी सरळ खाली राहते आणि दर मिनिटाला नवा तळ मिळतो. अशा गरवण्यासाठी माझ्या मते सॉकसारखं दुसरं काही नाही.

बांधायचा कुठे यावर दोन मतं आहेत. तिघे-चौघे गरवत असतील तर होडीच्या मध्यावर बांधून आडवं वाहायचं, म्हणजे सगळ्यांना एक बाजू मिळते. चालतं, पण लाट नसेल तेव्हाच. मध्यावर बांधला की होडी आडवीच राहते, रेटा पूर्ण १४-१५ किलोचा बसतो आणि वेग पावपटीनेच कमी होतो. शिवाय होडी डुलते. उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड जोडलेली, होडी असेल तर डुलणं कमी, त्यांना हे जमतं. साध्या फायबरला मी नाळच सांगेन.

सॉकचा खरा धोका मात्र वेगळा आहे. तो पाण्याला धरतो, आणि पाणी स्वतः चालत असेल तर होडीला बरोबर घेऊन जातो. खाडीच्या तोंडाशी उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) ओहोटी बाहेर ओढत असते आणि वारा समुद्राकडून आत येत असतो. सॉक नसेल तर दोन्ही थोडे एकमेकांना खातात. सॉक टाकला की वाऱ्याचा जोर संपतो आणि होडी ओहोटीबरोबर थेट बाहेर, जिथे वारा आणि पाणी समोरासमोर येऊन लाट उभी राहते, तिथे जाते. खाडीच्या तोंडाशी सॉक टाकूच नका. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत ओढ कमी असते तरीही टाकू नका.

नांगर: जमिनीला धरणारा

नांगराबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडे तो प्रत्येकाकडे असतो आणि बहुतेकांचा अपुरा असतो. चार पंजांचा लोखंडी नांगर, त्याला थेट बांधलेली हिरवी प्लास्टिकची दोरी, खोलीपेक्षा थोडी जास्त लांब. वारा नसेल तेव्हा पुरतो. वारा सुटला की घसरतो, आणि माणूस म्हणतो की नांगर हलका पडला. मग तो दुप्पट वजनाचा नांगर करून आणतो. चूक वजनात नसते, दोरीच्या कोनात असते. नांगर आडवा ओढला गेला तरच रुततो. दोरी वर खेचत असेल तर दहा किलोचाही उचकटतो.

हिशेब असा. पाणी १२ मीटर, नाळेची उंची १ मीटर, भरती चढली तर आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन मीटर धरा. झाले १५. त्याच्या पाचपट म्हणजे ७५ मीटर दोरी. शांत पाण्यात तासभर बसायचं तर तिप्पट, ४५ मीटर, चालून जाते. वारा अंगावर येत असेल तर पाचपट, आणि रात्री थांबायचं तर सातपट. होडीत १०० मीटर दोरी म्हणजे चैन वाटते, पण हा हिशेब मांडला की ती गरज आहे हे कळतं.

दोरीच्या पुढे साखळी हवी. आठ मिलिमीटरची तीन-चार मीटर. मीटरला साधारण दीड किलो भरते. ती तळावर पडून राहते आणि खेच आडवी ठेवते. दोरी नायलॉनची, १० किंवा १२ मिलिमीटरची घ्या. नायलॉन बुडतं आणि ताणतं, त्यामुळे लाटेचा झटका दोरीत जिरतो. हिरवी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्त मिळते, पण ती तरंगते, पंख्यात जाते आणि उन्हाने दोन हंगामांत भुसभुशीत होते.

आमच्या वाडीतले जुने तांडेल, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते मला पहिल्या दिवसापासून सांगत आलेत: "पयलो नांगर लागलो काय तां बघ, मगे गरी सोड." मी घाईने गरी सोडायचो. आता त्यांचीच पद्धत पाळतो. खडपावर पोचल्यावर इंजिन बंद करून दोन मिनिटं होडी वाहू देतो. ती ज्या रेषेत वाहिली त्याच रेषेने उलटा वर जातो, खडप ओलांडून पुढच्या वाळूवर. तिथे नांगर फेकत नाही, हाताने उतरवतो. मग दोरी सोडत सोडत होडी मागे खडपावर येऊ देतो. पुरेशी सोडली की खांबाला एक वेढा देऊन हात दोरीवर ठेवतो. नांगर घसरत असेल तर दोरीतून खरखर हाताला लागते. रुतला असेल तर दोरी ताणून घट्ट होते आणि होडीची नाळ हळूच वाऱ्याकडे वळते. मग किनाऱ्यावरची दोन ठिकाणं, एक झाड आणि मागचा एखादा टॉवर, एका ओळीत धरून ठेवतो. ती ओळ मोडली नाही तर होडी जागेवर आहे.

खडपातच नांगर टाकायची वेळ आली तर तो अडकणार हे गृहीत धरा. यावर दोन उपाय आहेत. एक, दहा मिलिमीटरच्या सळईचे पंजे वेल्ड करून घ्यायचे. जोर लावला की पंजे सरळ होतात आणि नांगर सुटतो, घरी येऊन पुन्हा वाकवायचे. दुसरा, साखळी नांगराच्या बुडाला जोडायची आणि दांड्याच्या वरच्या टोकाला नुसत्या बारीक सुतळीने बांधायची. अडकला की जोर लावून सुतळी तुटते, खेच बुडाकडून येते आणि नांगर उलटा निघतो. दुसरा उपाय वारा जोराचा असताना वापरू नये, सुतळी नको तेव्हा तुटते.

मालवणच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी एक विनंती. तिथल्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ सालची आहे, २९ चौरस किलोमीटरचा भाग. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. तिथले मासेमारीचे नियम तर पाळाच, पण नुसतं थांबायचं असेल तरी प्रवाळावर नांगर टाकू नका आणि साखळी ओढू नका. एका नांगराने मोडलेलं प्रवाळ आपल्या हयातीत भरून येईल असं नाही.

आता नांगराबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो कधीही मागे बांधायचा नाही. मार्चमधली दुपार होती, वायव्येचा वारा सुटायला लागला होता. मी आणि माझा भाचा, दोघेच. पुढे जाऊन दोरी बांधायचा कंटाळा म्हणून मी ती मागच्या कड्याला बांधली. होडी वळली, मागची सपाट फळी लाटांकडे झाली. तिथेच इंजिनाचं वजन, तिथेच मी बसलेलो, आणि फळीची उंची पाण्यापासून जेमतेम हातभर. पहिल्या दोन लाटा फळीवर आपटल्या. तिसरी आत आली. "मामा, मागनं पाणी येतंय!" भाचा ओरडला तेव्हा पेट्रोलचा कॅन तरंगायला लागला होता. दोरी ताणलेली, गाठ सुटेना. सुरी हाताशी होती म्हणून दोरी कापली, होडी सुटली आणि आपोआप आडवी होऊन वर आली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघे डब्याने पाणी उपसत होतो. पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २८ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याबाहेर २१ फुटी बोट उलटली. चौघे तरुण, त्यातले तिघे गेले. सरकारी चौकशीत निघालं ते असं की नांगर तळाशी अडकला होता, तो सोडवायला त्यांनी दोरी मागच्या बाजूला बांधून इंजिन जोरात पुढे दामटलं, आणि मागची बाजू पाण्याखाली ओढली गेली. चौघे अंगाने दणकट होते. त्याचा उपयोग झाला नाही. नांगर अडकला तर दोरी नाळेवरूनच ओढा, नाही निघाला तर कापा. नांगर पुन्हा करता येतो.

दोरीच्या टोकाला २० लिटरचा रिकामा कॅन बोया म्हणून बांधून ठेवा. मोठी सुरमई लागली किंवा एखादी आडवी लाट दिसली, तर दोरी कॅनसकट सोडून द्यायची, काम आटपलं की परत येऊन पकडायची. यासाठी एक पैसा लागत नाही.

मोटर आणि इंजिन

नाळेवर बसवायची, जीपीएसने जागा धरून ठेवणारी बॅटरीवरची मोटर हे खरोखर सुंदर यंत्र आहे. बटण दाबलं की ती स्वतः दिशा बदलत, कमी-जास्त होत होडीला एका जागी ठेवते. तळाला काही लागत नाही, प्रवाळ मोडत नाही, ५० मीटर खोलीत नांगराला अडीचशे मीटर दोरी लागली असती तिथे हिला काहीच लागत नाही. पुढच्या खडपावर जायचं तर नांगर ओढायचा नाही. एकट्या माणसाला आणि ज्यांचा खांदा-कंबर दुखते त्यांना तर वरदान.

ताकदही पुरते. १६ फुटी होडीला बाजारात मिळणारी ५५ पाउंडाची मोटर २५ किलोच्या आसपास ढकलते, आणि नाळ वाऱ्यावर असताना १५ नॉटला रेटा पाच-सहा किलोचाच आहे. अडतं ते दुसरीकडे. लाटेवर नाळ उचलली गेली की पंखा पाण्याबाहेर येतो, हवेत गरगरतो, पुन्हा पाण्यात आपटतो. हे दर लाटेला. लांब दांड्याची, साठ इंचांची मोटर घेतली तर कमी होतं, थांबत नाही. त्या दोन दिवसांत सकाळी ती अगदी शांत होती. दुपारी साडेबाराला पांढऱ्या फेसाच्या लाटा सुरू झाल्यावर तिचा तोच आवाज ऐकून आम्ही बंद केली.

मग बॅटरी. पूर्ण जोरात अशी मोटर ५० अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी दोन तास. थांबून थांबून चालली तर बरीच जास्त, पण वारा वाढतो तेव्हाच ती पूर्ण जोरात चालते. खाऱ्या पाण्यासाठीची वेगळी मोटर घ्यावी लागते, गोड्या पाण्याची एका हंगामात गंजते. आयातीसह, बॅटरी धरून, खर्च लाखाच्या पुढे जातो. धरणाच्या पाण्यात गरवणाऱ्याला मी बिनधास्त घ्या म्हणेन. आपल्या समुद्रात ती नांगर आणि सॉक यांच्यानंतरची खरेदी असावी.

इंजिन गिअरमध्ये ठेवून नाळ वाऱ्यावर धरणं फुकटचं आहे आणि प्रत्येकाला यायला हवं. पण एक माणूस कायम हँडलवर अडकतो. उलट्या गिअरने मागची बाजू वाऱ्यावर धरण्याची पद्धत काही जण वापरतात, खाडीत आतल्या बाजूला चालते. समुद्रात तीच मागची फळी लाटेला दिली जाते, म्हणून नको.

बादल्या, साखळी आणि मागचं शीड

भोकं पाडलेली बादली सॉकचं काम करते असं ऐकतो. एका फुटाच्या तोंडाची बादली ३६ इंची सॉकच्या नवव्या भागाइतकीच असते. नऊ बादल्या ओढणार असाल तर गोष्ट वेगळी. तळावर साखळी ओढत नेणं चिखलात थोडं काम करतं, खडपात अडकतं.

एक गोष्ट मात्र लोक विसरलेत, मागचं शीड. मागच्या टोकाला उभी काठी आणि तिच्यावर एखादा चौरस मीटर ताडपत्री, ताणून बांधलेली. वारा तिला मागे ढकलतो आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे वळून राहते, घराच्या छपरावरच्या वातकुक्कुटासारखी. नांगरावर होडी डावी-उजवी झुलायची बंद होते, सॉकबरोबरही चांगली साथ देते. दोन-तीनशे रुपयांचं काम. वारा वाढला की पहिली ती उतरवायची.

| | कशाला धरतं | कुठे घ्यावं | कुठे नको | खर्च |
|---|---|---|---|---|
| नांगर, साखळी, १०० मी. नायलॉन | जमिनीला | खडपाचा मासा, इंजिन बंद पडल्यावर | प्रवाळावर, फार खोल पाण्यात | मला पाच हजारांच्या आसपास |
| सॉक | पाण्याला | वाळूचा मोकळा तळ, खोल पाणी | खाडीचं तोंड, जोराची ओढ | घरी शिवून हजाराच्या आत |
| जीपीएसवाली मोटर | स्वतः ढकलते | धरण, शांत सकाळ, एकटा माणूस | लाट उठल्यावर | लाखाच्या पुढे |
| मागचं शीड | वाऱ्यालाच वापरतं | नांगर किंवा सॉकच्या जोडीला | एकटं | दोन-तीनशे |

कोणी काय घ्यावं

पाच मिनिटांच्या मोजमापात वेग ताशी एकच्या खाली आला तर तूर्त काहीच घेऊ नका, नांगर आहे तो नीट करा. एक ते अडीचच्या मध्ये असेल आणि तुम्ही वाळूवर गरवत असाल तर सॉक, खडपावर असाल तर नांगराचा पूर्ण संच. तीनच्या वर जात असेल तर तो दिवस गरवण्याचा नाही. हवामान खातं ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वाऱ्याचा इशारा देतं, तेव्हा मोठ्या ट्रॉलरसुद्धा बंदरात येतात. पण १६ फुटी होडीची मर्यादा त्याच्या निम्म्यावरच संपते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राचा अंदाज रोज मोबाईलवर मिळतो, आदल्या रात्री तो बघायची सवय लावून घ्या.

नांगर आणि सॉक यांपैकी एकच परवडत असेल तर नांगर. कारण मासेमारीचं नाही, मतलईचं आहे. हा वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे जातो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट असतं म्हणून भीती वाटत नाही, पण इंजिन बंद पडलं तर ताशी दोनच्या हिशेबाने तीन तासांत होडी सहा किलोमीटर बाहेर जाते, आणि जसजसा किनाऱ्याचा आडोसा संपतो तसतसा वाराही वाढतो. इंजिन बंद पडल्याक्षणी, दुरुस्ती सुरू करण्याआधी, नांगर टाका. त्या वेळी तळ दोरीच्या आवाक्यात असतो, अर्ध्या तासाने नसेल. तळ सुटला असेल तर सॉक नाळेला बांधून टाका, निदान वेग निम्मा होईल, नाळ लाटेवर राहील आणि शोधणाऱ्यांना तुम्ही लवकर सापडाल. दुपारी उलट असतं. वारा समुद्राकडून येतो आणि होडीला खडपाकडे ढकलतो. तिथेही वाचवतो तो नांगरच. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर होडीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. मोबाईल भिजला तर शेजारच्या माणसाचा तरी वापरता येतो.

खरेदीचा माझा क्रम असा: साखळी आणि नायलॉन दोरी, मग सळईचा नांगर, मग सॉक, मग मागचं शीड. सॉक पहिल्यांदा खाडीत, भांगाच्या दिवशी, वारा नसताना टाकून आणि काढून बघा, निदान पाच वेळा. आणि एक सुरी नाळेपाशी, एक मागे, दोन्ही हातभर दोरीने बांधलेल्या. माझी मागची सुरी अजून तीच आहे, मार्चमधली.